लाल पट्टीचे फ्रीझर

"पण माझाच का? वनस्पतिशास्त्राचा का नाही?"

निनाद गुळवणी पुन्हा तेच विचारत होता. पीएच.डी.चा विद्यार्थी. पोरगा हुशार, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच माहीत. स्वतःच्या डीप फ्रीझरला पाठ लावून असा उभा होता, जणू घरावर जप्ती आलीय.

नदी विद्यापीठाच्या फाटकातून आत शिरली होती. वीज गेलेली. बुडालेल्या दवाखान्यातले रुग्ण होडीने आणून खाली वाचनालयात झोपवले होते, विद्यार्थी त्यांना खिचडी वाढत होते, काहींना ऑक्सिजनची मशीन लावलेली. ती मशीन आणि वरच्या मजल्यावरचे सगळे फ्रीझर एकाच जनरेटरवर. त्याला भार पेलेना. सकाळपासून सारखा बंद पडत होता.

विद्यापीठाच्या डॉक्टर मुजावर जिना चढून वर आल्या. गुडघ्यापर्यंत चिखल.

"एक मोठा फ्रीझर बंद करा. कुठलाही करा. जनरेटर पुन्हा बसला, तर खाली माझा एक म्हातारा जाईल. मला ते बघायचं नाही."

आल्या पावली त्या खाली गेल्या.

आता ह्यात गंमत अशी... गंमत कसली डोंबलाची! आपत्तीचा आराखडा निनादनेच केला होता, म्हणून तर सगळे आधी त्याच्याच फ्रीझरकडे बघत होते. कुलगुरूंच्या हातून शालही घेतली होती त्याबद्दल. नियम साधा. संकट आलं की लाल पट्टी लावलेली यंत्रं तेवढी चालू ठेवायची, बाकीची बंद. आणि पट्टी कुणी लावायची? ज्याची त्याने. दर वर्षी सराव व्हायचा, जेवणं आटोपल्यावर, कोरड्या उन्हात, फोटोसकट. त्यात कुणी कधी काही बंद केलं नाही.

आज बघावं तर एकूण एक फ्रीझर गच्च भरलेला आणि प्रत्येकाला लाल पट्टी. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. रसायनशास्त्रवाल्यांनी तर पाण्याच्या कूलरलाही लावली होती. त्याचा प्लग मीच उपटला. मी ह्याच मजल्यावर भौतिकशास्त्र शिकवतो, माझा फ्रीझरच नाही, त्यामुळे मला बोलायला काय जातंय म्हणा.

खिडकीपाशी स्टुलावर डॉ. वत्सला चौगुले बसल्या होत्या. निनादच्या मार्गदर्शक. त्यांना आम्ही सगळेच बाई म्हणतो.

"निनाद, तुझा विषय काय रे?"

"बाई, तुम्हीच दिलाय."

"सांग तरी."

"पेशींचं मरण." तो चिडून म्हणाला. "पेशी बिघडली, जुनी झाली, की आपण होऊन मरते. कॅन्सरची पेशी तेवढं विसरते. वाढतच राहते, शेजारणींचं अन्न खाते... आत्ता काय परीक्षा घेताय का?"

बाईंनी उजवा हात वर केला. बोटं फाकवली.

"ही सुटी कशी झाली?"

"आईच्या पोटात असताना मधल्या पेशी मेल्या म्हणून."

"बिघडलेल्या होत्या?"

"...नाही."

"म्हाताऱ्या?"

"नाही."

"मग?"

निनादने पाठ फ्रीझरला आणखी घट्ट लावली.

खालून येणारा जनरेटरचा आवाज एकदम खोल गेला. दिवे मिणमिणले. मग दिवे पुन्हा वर आले.

"पाच वर्षं आहेत ह्यात, बाई!" निनादचा आवाज फुटला. "एकेका पेशंटच्या हातापाया पडून त्याच्या गाठीचा नमुना आणलाय. त्या पेशंटांतले बरेच गेले. पुन्हा कुणाकडे मागू? ह्यातून उद्या हजारो माणसं वाचतील."

"उद्या," बाई म्हणाल्या.

मला त्याची दया आली. आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली, खोटं कशाला बोलू.

बाई उठल्या. आता ह्याचा बंद करणार, असं आम्ही धरूनच चाललो होतो. त्या त्याच्या अंगावरून पुढे गेल्या. कोपऱ्यातल्या जुन्या फ्रीझरपाशी थांबल्या. तो त्यांचा स्वतःचा.

पट्टी नखाने उचकटायला लागल्या. निघेना. तुकड्या तुकड्याने काढली. मग भिंतीवरचं बटण बंद केलं.

घरघर थांबली.

त्या फ्रीझरात काय आहे, ते मजल्यावर नव्याने आलेल्यालाही माहीत होतं. दिनकर चौगुले सर, बाईंचे यजमान, त्यांच्याच विभागात शिकवायचे. स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले. जाण्याआधी स्वतःच्या गाठीतल्या पेशी त्यांनी बाईंना अभ्यासाला दिल्या होत्या. बाईंनी त्या वाढवल्या, गोठवल्या, पुन्हा वाढवल्या. सरांना जाऊन इतकी वर्षं झाली, तरी जरा ऊब दिली की त्या वाढायला लागायच्या. रोज सकाळी आल्यावर बाई आधी त्या दारावर हात ठेवायच्या आणि मग खुर्चीवर बसायच्या. आम्ही तेवढा वेळ दुसरीकडे बघायचो.

"नको, बाई!"

निनादने स्वतःच्या फ्रीझरवरची पट्टी ओढून काढली. बटण दाबलं.

"हा बघा, माझा बंद केला. एकच हवा होता ना? तुमचा चालू करा."

तो रडत होता. लाज सोडून, हुंदके देत.

"करा ना, बाई... सरांचं एवढंच तर जिवंत राहिलंय!"

बाई त्याच्या फ्रीझरपाशी आल्या. त्याचं बटण त्यांनी पुन्हा चालू केलं. आपल्या फ्रीझरकडे वळूनही पाहिलं नाही.

मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "अरे, त्या पेशींना वेळेवर मरता आलं असतं, तर तुझे सर आज खाली खिचडी वाढत असते."