हैबती बर्फाला निघाला

पाटोळवाडीत हैबती नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं कधी विसरायचा नाही, हा त्याचा मोठा गुण. गावाला धास्ती होती ती याच गुणाची.

त्याची बायको सुगंधा. तिचा धाकटा भाऊ जनार्दन पार हिमालयात स्की शिकवायच्या नोकरीला होता. पायांना दोन लांब पट्ट्या बांधायच्या आणि बर्फावरून घसरत खाली यायचं, ते स्की. फोनवर भावाचं ते घसरणं सुगंधाने पाहिलं आणि ठरवलं, जन्मात एकदा तरी असं घसरायचं.

जनार्दनने फोनवर समजावलं. "दाजी, ताजा बर्फ पिठासारखा मोकळा असतो. पावडर म्हणतात त्याला. ताई पडली तरी लागणार नाही. पण दोन दिवसांत तो दगड होतो. मला तीन दिवस आधी अंदाज कळतो. माझा फोन आला की हातातलं सोडायचं आणि निघायचं. माझा हा इथला शेवटचा हिवाळा आहे."

"ध्यानात ठेवलं," हैबती म्हणाला.

जानेवारीत फोन आला. सुगंधा तेव्हा शिडीवर होती, माळ्यावरून स्वेटर काढत होती. शिडी हैबतीने धरली होती. त्याने हातातलं सोडलं आणि निघाला.

खाली गोधड्या होत्या म्हणून बरं. तरी पाय मुरगळलाच. जानेवारीचा बर्फ गेला.

"अहो, वर चढलेली माणसं आधी खाली उतरवायची, मग निघायचं!" सुगंधा कळवळून म्हणाली.

"ध्यानात ठेवलं."

फेब्रुवारीत पुन्हा फोन आला. या वेळी दोघं वेळेवर एसटीत बसली. रेल्वे स्टेशन गाठायचं होतं. कंडक्टर टपरीवर चहा पीत होता. हैबतीने गाडीभर नजर टाकली. चाळीस माणसं वर चढलेली! तो उठला.

"उतरा, उतरा! सगळे खाली उतरा!"

लोकांना वाटलं, टायर बसला. सगळे उतरले. सुगंधाही उतरली. मग हैबतीने दोरी ओढून दोनदा घंटी दिली आणि गाडी सुटली. सात मैलांवर ड्रायव्हरने आरशात पाहिलं, तर मागे एकटा हैबती, खिडकीशी ऐसपैस बसलेला.

रेल्वे चुकली. फेब्रुवारीचाही बर्फ गेला. सुगंधा दोन दिवस रडली, तिसऱ्या दिवशी बोलली. "आता मी सांगितल्याशिवाय तुम्ही काही म्हणजे काही करायचं नाही."

"ध्यानात ठेवलं."

मार्चमध्ये तिसरा फोन आला. जनार्दनचा आवाज काळजीत होता. "ताई, हा शेवटचा. यानंतर सगळा चिखल."

वाटेत हैबतीने खरंच काही केलं नाही. सुगंधाने सांगितलं तेव्हा जेवला, सांगितलं तेव्हा झोपला. दोघं सुखरूप पोहोचली. सुगंधाला एवढा आनंद झाला की तिने भावासाठी आणलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा उघडायचाही राहून गेला.

संध्याकाळी थोडा बर्फ भुरभुरला. घराच्या दहा पायऱ्या पांढऱ्या झाल्या. हैबती ओसरीत बसला होता, शेजारी खराटा. जनार्दन दुधाची किटली घेऊन बाहेर पडला आणि दहाही पायऱ्या बसून उतरला.

"दाजी! खराटा हाताशी होता, झाडायचं ना!"

"सुगंधाने सांगितलं नव्हतं."

"असल्या कामात कुणी सांगायची वाट बघायची नसते!" जनार्दन कंबर चोळत म्हणाला. "माणसं जिथून खाली उतरणार, तिथला बर्फ आधी झाडून टाकायचा. नाहीतर घसरतात माणसं!"

"ध्यानात ठेवलं."

रात्री खरा बर्फ आला. घरामागे शिकाऊ लोकांचा छोटा उतार होता, त्यावर गुडघाभर साचला. पिठासारखा मोकळा, हवा तसा.

सकाळी सुगंधाने लुगड्याचा काचा मारला, वर दोन स्वेटर चढवले. पट्ट्या खांद्यावर घेऊन ती भावामागून निघाली. घराला वळसा घालून दोघं मागे आली आणि जागच्या जागी थांबली.

उतार काळाभोर होता. वरपासून खालपर्यंत माती, गवत आणि दगड. बर्फ सगळा बाजूच्या ओढ्यात लोटलेला. उतारावर चुलीतली राखसुद्धा नीट पसरलेली. शेजारची चार माणसं फावड्यांवर टेकून बेसनाचे लाडू खात होती.

मधोमध हैबती उभा होता. हातात खराटा, कपाळावर घाम. पहाटेपासून राबत होता बिचारा. सुगंधाला पाहून त्याचा चेहरा उजळला.

"ये गं, ये!" तो वरून ओरडला. "कुणी सांगायची वाट नाही बघितली! आता तू बिनघोर उतर. जरा जरी घसरलीस, तर नाव बदलीन माझं!"