वस्तादांची फटफटी आणि मोटारीचं तेल

बाईला इंजिनातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्यांनी हे जरूर ऐकावं.

कोल्हापुरात एका तालमीसमोर फुलाक्का चौगले फटफट्या दुरुस्त करायची. गाळा तालमीच्या वस्तादांचा, धोंडीराम खराड्यांचा. एके दिवशी वस्ताद चार पठ्ठ्यांकडून फटफटी ढकलवत घेऊन आले.

“जोतिबाच्या चढाला इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही! क्लच बिघडवलास तू. संध्याकाळपर्यंत गाळा खाली कर.”

फुलाक्कानं झाकण काढून तेलात बोट बुडवलं. “हे तेल मी घातलेलं नाही.”

“मी घातलंय! माझ्या मोटारीचं. तुझ्या तेलाच्या दुप्पट महाग.”

“वस्ताद, कुस्तीत पैलवान अंगाला माती का लावतात?”

“पकड बसावी म्हणून. शेंबडं पोरही सांगेल.”

“आणि कुणी महागातलं बदामतेल चोपडून उतरला तर?”

“आखाड्यातून हाकलून देईन!”

“मग ऐका. तुमच्या मोटारीचा क्लच तेलाबाहेर, कोरडा बसतो. फटफटीचा क्लच इंजिनाच्या तेलातच बुडालेला असतो, आणि तिथंच त्याला पकड धरायची असते. मोटारीचं निसरडं तेल चोपडून त्याला कुस्तीला उतरवलंत तुम्ही. आता त्याची पकड सुटली, तर हाकलायचं मला?”

पठ्ठे फिदीफिदी हसले. वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. “गाळा राहू दे, आक्का. हिला तेल कुठलं लागतं तेवढं सांग.”

“डब्यावर फटफटीचं चित्र असतं ते. वाचायचा कंटाळा असला, तरी चित्र दिसतं, वस्ताद.”