म्हाळूचं डांगर

राजा होता एक. भारी झोपाळू. तुमच्यासारखा नव्हे हं, तुम्हाला तर झोप म्हणजे शिक्षाच. हा दुपारी जेवला की आडवा व्हायचा, आणि उठायचा तेव्हा सूर्य डोंगराआड गेलेला असायचा. एक दिवस तो चिडला. म्हणाला, "हा डोंगर मध्येच उभा आहे म्हणून माझा दिवस लवकर संपतो. फोडून टाका त्याला!" आता डोंगर काय नारळ आहे फोडायला? पण राजाला सांगणार कोण? मग त्याचे शिपाई गावोगाव फिरले आणि मिसरूड फुटलेल्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत दिसेल तो पुरुष डोंगरावर घेऊन गेले. वर त्यांच्या खाण्यासाठी म्हणून घराघरांतलं धान्यही उचलून नेलं.

त्या राज्यात एक गाव होतं, कोहळेवाडी. नुसतं वेलींचं गाव. कुडावर दोडका, मांडवावर दुधी नि पडवळ, परसात घोसाळी, आणि छपरावर कोहळे नि भोपळे. तिथल्या बायका अशा सुगरण की काही म्हणजे काही वाया घालवायच्या नाहीत. दोडक्याची भाजी झाली की त्याच्या शिरांची चटणी. दुधीची सालंसुद्धा तिळाबरोबर परतायच्या. नाक मुरडू नकोस, खाऊन बघ आधी, मग बोल.

पण त्या गावात एक रीत होती, बरं का. अख्खा भोपळा, अख्खा कोहळा बाईनं कापायचा नाही. पहिली चीर पुरुषानं द्यायची. नवरा असो, कर्ता मुलगा असो, नाहीतर शेजारचे भावोजी. त्यांनी सुरी घालून दिली की मग पुढचं सगळं बाईनं करायचं. त्यातही थोरल्या मुलाच्या डांगराला तर फारच जपायचे. डांगर म्हणजे आपला लाल भोपळा. घरात थोरला मुलगा झाला की त्याच्या नावानं परसात डांगराचा वेल लावायचा, आणि दर वर्षी त्याच वेलाचं बी पुन्हा पेरायचं. त्या डांगरावर आईनं कोयता चालवला म्हणजे तो मुलावरच चालवला, असं सगळे मानायचे.

त्या गावात हौसा नावाची एक बाई होती. नवरा फार लवकर गेला. एकच मुलगा, म्हाळू. म्हाळूची बायको रखमा पोटुशी होती, आणि शिपाई म्हाळूलाही घेऊन गेले. हौसा त्यांच्या मागे वेशीपर्यंत धावली. म्हाळूनं मागं वळून एवढंच म्हटलं, "आई, रखमाला सांभाळ."

मग हौसानं काय केलं? पदर खोचला आणि वेलींवर घर चालवलं. दुधी झाला, पडवळ झालं, घोसाळी संपली. मग भोपळ्याच्या कोवळ्या पानांची भाजी केली. मग फुलं. पण ऊन तापायला लागलं तशा वेली वाळल्या. आणि नेमकी तेव्हाच रखमा बाळंत झाली. मुलगी झाली, सोन्यासारखी. पण रखमाच्या पोटात अन्न नाही, तर अंगावर दूध कुठून येणार? ते तान्हं बाळ रडायचं, रडायचं, आणि मग रडायचंही थांबायचं. ते थांबलं की हौसाच्या काळजात धस्स व्हायचं.

माळ्यावर तीन फळं उरली होती. एक चपटी, खोल खोबणींची चक्की, म्हणजे चाकासारखा बसका भोपळा. एक पांढरी भुकटी चढलेला कोहळा. आणि एक म्हाळूच्या वेलाचं डांगर, हे एवढं थोरलं. पण गावात पुरुष औषधालाही उरला नव्हता. मग पहिली चीर द्यायची कुणी?

हौसा चक्की डोक्यावर घेऊन रस्त्यावर जाऊन बसली. येईल कुणी वाटसरू. आला, पण नेमका राजाचाच शिपाई आला, घोड्यावरून. हौसा म्हणाली, "भाऊ, एवढी एक चीर देऊन जा हो. घरी बाळंतीण आहे." शिपाई खाली उतरला. चक्कीवर बोटं वाजवून बघितली. म्हणाला, "चीर कशाला, अख्खीच नेतो." आणि मेला घेऊन गेला की ती घोड्यावर बांधून! हौसा बघतच राहिली. 

मग तिनं कोहळ्यासाठी एक युक्ती काढली. म्हटलं, मी कापत नाही बाई, पण माळ्यावरून आपोआप पडला तर त्यात माझा काय दोष? आणि हळूच कोपरानं ढकलला. धाडकन पडला कोहळा, फुटला. आणि आत काय? सगळं सडलेलं. काळं पाणी नि घाण वास. वरून कसा गोरापान दिसत होता! पुरुषाची वाट बघता बघता आतल्या आत नासून गेला होता. हौसा ती घाण पुसत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत राहिलं.

आता राहिलं डांगर. ते तिनं माळ्यावरून उतरवलं, तान्ह्या मुलाला उतरवावं तसं. मांडीवर घेऊन बसली. ढकलून द्यायचं तर तिच्या मनातही आलं नाही. पोटच्या पोराला कुणी ढकलतं का?

शेजारची शेवंता दारात आली. तिनं जवळ ठेवलेला कोयता बघितला आणि ओरडलीच, "हौसाबाई, वेड लागलं का तुला? म्हाळूचा विचार कर!"

"त्याचाच करतेय," हौसा म्हणाली. "त्याचं पोर बघ ना गं आत. आता रडतसुद्धा नाही."

"आणि तिकडं त्याला काही झालं म्हणजे?"

  एका बाजूला लेक, दुसऱ्या बाजूला लेकाची लेक. कुणाला वाचवायचं, सांगा बरं. सांगता येतं का? हौसालाही येत नव्हतं. ती त्या डांगरावरून नुसता हात फिरवत बसली. मग तिला वेशीवरचा म्हाळू आठवला. जाताना तो 'मला सांभाळ' म्हणाला नव्हता.

तिनं कोयता उचलला. डोळे मिटले. म्हणाली, "म्हाळू, दुखलं तर सांग रे बाबा."

आणि डांगरातून आवाज आला. अगदी म्हाळूचा, लहानपणचा, खेळून आल्यावर ताट वाढलेलं नसलं की यायचा तसा. "किती वेळ लावलास गं, आई!"

शेवंता तर पळूनच गेली. हौसानं मात्र कोयता चालवला. आणि काय सांगू, ते डांगर एका घावात उघडलं. आत केशरी, लख्ख. सडल्याची खूण नाही कुठं.

मग हौसानं चूल पेटवली. कणगीच्या बुडाशी चिकटलेले चार तांदूळ झाडून काढले, गुळाचा शेवटचा खडा काढला आणि डांगराची मऊसूत खीर केली. बिया भाजून सोलल्या, त्या वरून घातल्या. रखमाला मांडीवर टेकवून घासाघासानं भरवली. दिवस मावळेपर्यंत रखमाला दूध उतरलं. बाळ प्यायलं, आणि पिता पिता झोपलं. उरलेलं डांगर हौसानं शेवंताच्या पोरांना वाटून दिलं. तिच्या स्वतःच्या घशाखाली मात्र एक घासही उतरला नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती वेशीवर जाऊन बसायला लागली. इकडं शेवंतानं डोंगरावर नेलेल्या आपल्या थोरल्याचं डांगर काढलं. ती रडली, तिनं देवाचं नाव घेतलं, आणि कापलं. मग गावातल्या साऱ्याच आयांनी कापलं. घराघरातून वास सुटला. कुणी भाजी केली, कुणी भरीत, कुणाकडं पीठ होतं तिनं घारगे तळले. पोरं खेळायला लागली. हौसा वेशीवरच बसलेली. काय केलं मी, काय केलं मी, एवढंच तिच्या मनात चाललेलं.

आणि एक दिवस रस्त्यावर धूळ उठली. माणसं येत होती, गावची माणसं! त्यात म्हाळू. हौसा धावली. आधी त्याची पाठ चाचपली, मग पोट, मग मान. कुठं काही लागलंय का बघत होती. ओरखडासुद्धा नव्हता.

"म्हाळू, मी तुझं डांगर चिरलं रे," ती रडत म्हणाली. "या हातानं चिरलं."

म्हाळू तिच्याकडं बघतच राहिला. म्हणाला, "तरीच! आई, राजानं धान्य नेलं, पण आम्हाला दाणा दिला नाही. पाण्यावर जगत होतो. पळायचं म्हटलं तर पायात बळ नाही. एका दुपारी हातातली पहार पेलवेना, वाटलं, संपलं. आणि एकदम पोट भरलं बघ. तोंडाला गुळाची चव आली. तुझ्या हातची चव मी ओळखणार नाही होय? मग एकेकाचं पोट भरायला लागलं. अंगात ताकद आली, तशा आम्ही पहारी टाकल्या आणि चालू लागलो. एवढ्या माणसांना कोण अडवणार?"

हौसानं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. म्हणाली, "आणि मी वेडी तुला माळ्यावर उपाशी ठेवून जपत बसले होते!"

राजाचं काय झालं म्हणता? काही नाही. तो उठला, डोंगर तिथंच, सूर्य डोंगराआड. बसला चिडत. त्याला सोडा.

कोहळेवाडीत मात्र रीत बदलली. आता पहिली चीर आईची. आणि थोरल्या मुलासारखा मुलींच्या नावानंही वेल लावायचा. रखमाच्या लेकीचा वेल तर गावात सगळ्यांत आधी छपरावर चढला. म्हाळू, रखमा, हौसा नि ती पोर, सगळी पोटभर जेवली आणि सुखात राहिली. तुम्हीही जेवलात ना पोटभर? मग आता डोळे मिटा. अरे, तिच्या अंगावरचा पाय काढ आधी. हं. झोपा.