माळेतला काळा मणी

एका गावात चिमाबाई नावाची एक बाई होती आणि तिला मण्यांचं वेड होतं. वेड म्हणजे वेडच. सात वर्षांची असताना मावशीनं हातात सुई दिली, ती पुढे कधी सुटली नाही. घरचं आवरलं, भांडी पालथी पडली, की बाई पितळेच्या ताटात पांढरं फडकं अंथरून पडवीत बसायची. फडक्यावर काचेचे मणी ओतायचे आणि एकेक टिपून ओवायचा. गावात कुणाच्या दारावर मण्यांचं तोरण दिसलं, रुखवतात मण्यांचं कमळ दिसलं, बाळाच्या हातात मनगटी दिसली, की समजावं, हात चिमाबाईचा. विकलं मात्र तिनं काहीच नाही. कुणी किंमत विचारली तर म्हणायची, "छंद आहे माझा, दुकान नाही."

मावशीनं सुईबरोबर तिला एक रीतही शिकवली होती. "चिमे, काम कितीही देखणं झालं तरी त्यात एक काळा मणी घालायचा. कडेला, चटकन कुणाला दिसणार नाही असा. लोकांची दृष्ट त्याच्यावर बसते. ज्याच्यासाठी केलं त्याला लागत नाही."

चिमाबाईनं पुष्कळ वर्षं हे पाळलं. नवी नवरी असताना तिनं स्वतःच्या दारासाठी तोरण केलं, त्याच्याही डाव्या कोपऱ्यात एक काळा मणी घातला. मग नाव झालं. शेजारच्या गावांतल्या बायका काम बघायला यायला लागल्या. एकदा एक पाहुणी बोलून गेली, "सगळं झकास आहे हो, पण इथं एक मणी चुकलाय वाटतं." झालं! चिमाबाईच्या ते जिव्हारी लागलं. माझा हात आणि चुकतो? त्या दिवसापासून तिनं काळा मणी सोडला, आणि सोडता सोडता ती रीतच विसरून गेली. तुम्ही मात्र विसरू नका.

यथावकाश मुलाचं लग्न झालं. मथुरा नावाची सून घरात आली. पोर अबोल, पण नजर पक्की. सासूचे हात चालताना ती बघत राहायची. आपल्यालाही हे यावं असं तिला फार वाटायचं, पण विचारायची छाती होईना. मग तिनं दारावरच्या तोरणालाच गुरू केलं. उंबरा झाडताना उभी राहायची, वर बघून मणी मोजायची आणि दुपारी चुलीमागे बसून तसेच ओवायची. सुरुवातीला दोरा गुंतायचा, सुई बोटात शिरायची. तीन महिने गेले आणि एक तिपदरी माळ तयार झाली. पांढरीशुभ्र. गाठीशेजारी, अंबाड्याखाली झाकला जाईल अशा जागी, मथुरेनं एक काळा मणी ओवला.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला घर बायकांनी भरलं होतं. कैरीची डाळ वाटून झाली, पन्हं फिरलं. चिमाबाईनं गौरीभोवती मांडलेली मण्यांची आरास बघून बायकांची बोटं तोंडात गेली. तेवढ्यात मथुरा पदराखालून माळ काढून पुढे आली.

"आत्याबाई, तुमच्यासाठी."

"अगं बाई! सुनेनं केली? सासूच्या वरताण निघाली की!" एक शेजारीण म्हणाली. बाकीच्या हसल्या. मथुरेचे कान लाल झाले.

चिमाबाईला आनंद झाला, नाही असं नाही. पण खोड जाते कुठे? कुणाचंही काम हातात आलं की ती ते बोटांतून सरकवून बघायची. तशी तिनं ही माळ सरकवली. पहिला पदर ठीक. दुसरा ठीक. गाठीपाशी बोट अडलं.

"हे काय गं? इथं काळा कुठून आला?"

मथुरा सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात चिमाबाईनं पडवीतल्या मण्यांच्या ताटातली कात्री उचलली. "असू दे, लाजू नकोस. चुकलं की उसवायचं आणि पुन्हा ओवायचं. मी अशीच शिकले."

आणि भर बायकांत तिनं दोरा कापला. तीन महिन्यांची माळ फरशीवर सांडली. मथुरा खाली बसली. पाटाखालचे, गौरीपुढचे, बायकांच्या पायांतले सगळे मणी तिनं वेचले, एका पत्र्याच्या डबीत भरले आणि डबी फळीवर ठेवून दिली. त्यानंतर तिनं एकही मणी ओवला नाही. सासूनं दोन-चारदा विचारलं. ती एवढंच म्हणायची, "मला नाही जमायचं ते, आत्याबाई." चिमाबाई मनात म्हणायची, आजकालच्या पोरींना चिकाटीच नाही. घ्या! म्हणजे चिकाटी सुनेत नव्हती म्हणे.

वीस वर्षं गेली. चिमाबाईची नजर मंदावली. सुईचं नेढं दिसेना. मग मथुरा रोज सकाळी दहा सुयांत दोरे ओवून त्या चिंधीच्या गादीवर टोचून ठेवायची आणि कामाला लागायची. त्या दहा सुयांवर सासूचा दिवस निघायचा. पुढे तेही सरलं. पांढरा मणी कुठला न् पिवळा कुठला, कळेनासं झालं. ताट भिंतीशी उभं राहिलं. एवढ्या वर्षांचा हात, तो आपल्यामागे या घरात कुणाकडे जाणार, या विचारानं चिमाबाईला चैन पडेना.

दिवाळीच्या झाडलोटीत मथुरेनं दारावरचं जुनं तोरण धुवायला उतरवलं. चिमाबाईनं ते मांडीवर घेतलं आणि सवयीनं बोटांतून सरकवायला लागली. डाव्या कोपऱ्यात बोट अडलं. मणी जरा जाड होता.

"मथुरे, हा कसला मणी गं?"

"काळा आहे, आत्याबाई. दृष्टीचा. तुमच्याच हातचा."

चिमाबाईचा हात तिथंच थांबला. मावशी आठवली. मावशीमागून चैत्रगौर आठवली. मग ती हळूच म्हणाली, "म्हणजे त्या दिवशी तुझ्या माळेत..."

"तो दृष्टीचाच होता. बायका तुमचं फार कौतुक करायच्या. मला भीती वाटायची, तुम्हाला कुणाची नजर लागेल म्हणून."

"मग बोलली का नाहीस गं बये?"

"तुम्ही विचारलंत, पण कात्री आधी आली."

ते ऐकून चिमाबाई रडली. पदर तोंडाशी धरून, लहान मुलीसारखी रडली. म्हणाली, "चुकले गं मी, मथुरे. ती डबी आहे का अजून? असेल तर आण. पुन्हा ओव. मी रोज घालीन."

डबी होती. मथुरेच्या मनात राग नव्हता. ती खरंच बसली, सुई घेतली, काळा मणी ओवला. मग एक पांढरा, दुसरा, तिसरा. चौथा मणी बोटांतून निसटला. पुन्हा धरला, पुन्हा निसटला. चुलीपाशी, जात्यापाशी आणि गोठ्यात वीस वर्षं राबलेली ती बोटं, त्यांना एवढुसा मणी धरता येईना. खूप वेळ खटपट करून तिनं सुई खाली ठेवली. "माझा हात गेला, आत्याबाई. तेव्हा आला होता, तेव्हाच काय ते होतं."

एक काळा आणि तीन पांढरे, एवढ्याच चार मण्यांना चिमाबाईनं चाचपडत गाठ मारली आणि दोरा गळ्यात बांधला. मरेपर्यंत तो तिनं काढला नाही. कार्याला गेली की बायका विचारायच्या, "अहो चिमाबाई, तुमच्यासारखीच्या गळ्यात एवढंसंच?"

ती म्हणायची, "माळ तिपदरी होती. बाकीची माझ्या कात्रीनं खाल्ली."

तात्पर्य: दुसऱ्याच्या कामातली चूक दुरुस्त करायला धावण्याआधी त्यानं ते तसं का केलं, हे विचारावं आणि उत्तर येईपर्यंत थांबावं. तुटलेली माळ पुन्हा ओवायला मणी मिळतात, पण ओवणारा हात मिळेलच असं नाही.