माझीची विहीर

आधी चपला तिकडे काढा, फोटो मग काढा. विहीर कुठे पळून जात नाही. आणि हसू नका. कोणाची विहीर, तर माझीची, हे ऐकून सगळेच हसतात. मी नथीबाय, या खारशेत बंदरातल्या कोळ्यांची. विहीर आमच्या घरातल्या पोशी नावाच्या बाईनं खणली, म्हणून सांगायचा मान आमचा. मान कसला, भोग म्हणा.

समुद्र इथून वीस पावलांवर. उधाणाला शिंतोडे आत पडतात, तरी पाणी गोड. ते कसं, ते सांगते.

फार जुनी गोष्ट. तेव्हा आफ्रिकेतून माणसं धरून आणायचे, गलबतं भरभरून, आणि आपल्या किनाऱ्यावर विकायचे. असं एक गलबत डोलकाठी मोडली म्हणून इथे लागलं. डागडुजी होईपर्यंत व्यापाऱ्यानं माणसं वाळूवर उतरवली. वैशाखातलं ऊन, हात पाठीमागे बांधलेले. अख्खा गाव बघायला लोटला. हो, नुसता बघायलाच. आमचीच माणसं होती, खोटं कशाला सांगू?

त्यांत एक बाई होती, मांडीवर वर्षाची पोर. पोशी पाणी घेऊन घरी चालली होती. भरली घागर कमरेवर घेऊन तीही बघायला थांबली. ती बाई पोरीवर वाकायची, पोशीकडे बघायची आणि एकच शब्द म्हणायची, "माझी, माझी."

आता पोशी कोण, तर लग्नाला अकरा वर्षं होऊन कूस न उजवलेली. बारशाला तिला बोलावत नसत. तिला पाहिलं की बाळंतिणी लेकरावर पदर ओढायच्या. तिला वाटलं, ही परक्या मुलखातली बाईसुद्धा मला ओळखून पोर झाकते आहे. फार लागलं तिला ते.

"तुझीच आहे गो बाय," ती म्हणाली. "मी कशाला नेते तिला?" आणि भरली घागर घेऊन निघून गेली.

तुम्ही म्हणाल, त्या मायलेकींचे फुटलेले ओठ कोणाला दिसले नाहीत? दिसले की. पण सगळ्यांना ऐकू आलं ते 'माझी'. पोर हिरावून नेतील म्हणून घाबरली आहे बिचारी, असं म्हणत काही जण हळहळलेसुद्धा. ऊन कलेपर्यंत ती ओरडत होती. मग पोर हलायची थांबली आणि तीही गप्प झाली. पोरीला तिथेच वाळूत पुरलं.

गलबत निघालं तेव्हा ती बाई उठेना. मारलं तरी उठेना. मरणारच आहे, असं म्हणून व्यापारी तिला टाकून गेला. पोशीनं तिला घरी आणलं. नाव ठाऊक नव्हतं, म्हणून माझी अशीच हाक मारली आणि लोटीभर पाणी पुढे ठेवलं. त्या बाईनं पाण्यात बोट बुडवलं, पोशीकडे पाहिलं आणि म्हणाली, "माजी." मग पोशीचं बोट धरून पाण्यात बुडवलं आणि पुन्हा तेच म्हणाली.

त्यांच्याकडे पाण्याला माजी म्हणतात.

पोशी म्हणे तशीच उठली, या जागी आली आणि वाळू उकरायला लागली. इथे गोड पाणी लागेपर्यंत घोट घेणार नाही, अशी शपथ घातली तिनं स्वतःला. समुद्राकाठी खणून मिठाशिवाय काय मिळणार, असं लोक म्हणाले. नवरा ओढून न्यायला आला तर त्याच्या हाताला चावली. खारं पाणी लागायचं, ती उपसायची, आणखी खणायची. तिसऱ्या दिवशी खड्ड्यातच कोसळली. जीभ टाळूला चिकटलेली, तरी तिच्या तोंडून एक शब्द निघाला, "माजी."

ती बाई काठावर बसली होती. बराच वेळ ती नुसती बघत राहिली, असं सांगतात. तेवढा हक्क तिचा होता, असं मला वाटतं. मग ती खाली उतरली आणि पोशीच्या उशाशी हातांनी उकरायला लागली. तिच्या बोटांखाली झरा फुटला, गोड पाण्याचा. पहिली ओंजळ तिनं पोशीच्या तोंडाला लावली. दुसरी भरून वर आली आणि पोर पुरली होती त्या वाळूवर ओतली. स्वतः प्यायली की नाही, ते कोणी सांगत नाही.

तिनं पोशीला क्षमा केली का, हेही कोणी सांगत नाही. दोघी एकाच घरात म्हाताऱ्या झाल्या, एवढंच ठाऊक आहे. पोरीचं नाव तिनं कधी कोणाला सांगितलं नाही.

आजही आमच्याकडे पहिली घागर घरी जात नाही. प्रत्येक बाई ती इथे, या वाळूवर ओतते आणि मग आपली भरते. मी पासष्ट वर्षं ओतते आहे. आज सकाळपासून दहा-बारा घागरी तरी झाल्या असतील. या, इकडे या. खाली वाका आणि या वाळूला हात लावून बघा.

कोरडी आहे ना?