आईच्या वासाची गोधडी

घरातल्या वस्तू एकमेकींशी बोलत, त्या काळची ही गोष्ट. रेवूच्या आईने आपल्या जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवली होती. आई वारली, आणि तिचा वास तेवढा गोधडीत राहिला. तो जाऊ नये म्हणून गोधडी धुवायला नेताना दाराच्या कडीत मुद्दाम अडकून बसे. मग रेवूचे वडीलही म्हणत, "राहू दे."

वर्ष गेलं. रेवू गोधडीत तोंड खुपसून निजे आणि शिंकतच उठे. पुढे तिला धाप लागू लागली, छातीत शिट्टी वाजू लागली.

"खिडकीतून काहीतरी येतंय," गोधडी कोपऱ्यातल्या धोपाटण्याला म्हणाली.

"खिडकीला कशाला नावं ठेवतेस, बयो? तू जरा हललीस की कवडशात धुरळा उठतो. तोच पोरीच्या नाकात जातो."

"पण मला धुतलं, तर तिच्याकडे आईचं काय उरेल?"

"आणि तिला श्वासच घेता आला नाही, तर वास कसा घेईल?"

दुसऱ्या सकाळी वडिलांनी गोधडी धुवायला उचलली, तेव्हा ती कडीत अडकली नाही. कढत पाणी तिने सोसलं, धोपाटण्याचा मार सोसला, दिवसभराचं ऊनही सोसलं.

संध्याकाळी रेवूने तिला हुंगलं. "बाबा, आईचा वास गेला," ती रडवेली होऊन म्हणाली.

गोधडीचा धागा न् धागा आवळला. मग रेवूचं बोट आईच्या टाक्यांवरून हळूहळू फिरू लागलं. सगळे टाके जागच्या जागी होते. शेवटच्या ओळीपर्यंत पोचण्याआधीच तिला झोप लागली, आणि तिचा श्वास संथ चालू राहिला, शिट्टीशिवाय.