हैबतरावाचा खांदा

एका डोंगराच्या उतारावर चार वाड्या होत्या. सगळ्यांत वर माथेवाडी, तिच्याखाली कातळवाडी, मग उंबरवाडी आणि तळाला पायथेवाडी. माथेवाडीत हैबतराव नावाचा एक असामी राहायचा. दारात घोडा, हाताखाली दोन गडी, खालच्या उतारावर कलमी आंब्यांची बाग आणि नाकाच्या शेंड्यावर राग. राग तेवढा त्याचा स्वतःचा होता, बाकी सगळं बापानं ठेवलेलं.

त्या डोंगरावर गाडीवाट नव्हती. दवाखाना होता तो थेट खाली, नदीकाठी. वाड्यांत कुणी आजारी पडलं की एक तर ते बरं व्हायचं, नाही तर मरायचं. तिसरी सोय नव्हती. ती सोय उंबरवाडीच्या ठमाईनं केली. ही बाई विधवा, अंगठा उठवणारी, जिभेला विळ्याची धार. तिनं चारही वाड्यांतली माणसं गोळा केली आणि झोळीचं मंडळ काढलं.

काम साधं होतं. जाड बांबूला गोधडी बांधायची, तीत दुखणेकऱ्याला निजवायचं आणि उचलून चालायला लागायचं. माथेवाडीनं आपल्या हद्दीपर्यंत न्यायचं. तिथं कातळवाडीचे उभे असायचे, त्यांनी त्यांच्या हद्दीपर्यंत न्यायचं. असं करत दवाखान्यापर्यंत. वर शिंग वाजलं की खालच्या हद्दींवर माणसं येऊन उभी राहायची. हातातली भाकरी अर्धी असली तर अर्धी टाकून. दर घरामागे एक खांदा, बाईचा असो की बाप्याचा.

सुरुवातीला एक फार वाईट झालं. दोन वाड्यांचं पाण्यावरून वाकडं होतं. झोळी हद्दीवर आली तसे खालचे म्हणाले, "आत कोण हाय ते आधी सांगा." वरचे म्हणाले, "तुम्हाला काय करायचंय?" शब्दानं शब्द वाढला. झोळी भुईवर. भांडण मिटलं तेव्हा आतलं तापाचं लेकरू गार पडलं होतं.

त्या दिवशी ठमाईनं नियम घातला. झोळीवरून लुगडं टाकायचं. हद्दीवर तीनच गोष्टी सांगायच्या: काय होतंय, कधीपासून होतंय, पोटात काय गेलंय. नाव नाही, जात नाही, घर नाही. ज्याला विचारायचं असेल त्यानं आपल्या घरी बसावं.

एकदा ठमाई हैबतरावाच्या दारात गेली.

"राव, तुमच्या घरचा खांदा राहिलाय."

"खांदेकरी मेल्यावर लागतात, ठमे. मी अजून जिता हाय."

"मेल्यावर चार खांदे कुणालाबी मिळत्यात. जित्याला मिळत न्हाईत म्हणून तर दारोदार हिंडते."

"बरं, गडी पाठवतो."

"गड्याचा खांदा गड्याच्या घरचा मोजलाय. तुमचा द्या."

"माझ्याकडं घोडा हाय," हैबतराव म्हणाला. "माझ्या घराला तुमची ती गोधडी कधी लागायची न्हाई."

"न लागो, बाबा. देव करो अन् न लागो," ठमाई म्हणाली आणि उठून गेली.

तिनं ते मनापासून म्हटलं होतं. हैबतरावाला मात्र तो टोमणा वाटला. असल्या माणसाला सरळ बोललेलं कधी कळत नाही. त्याच महिन्यात त्यानं राग काढला. उंबरवाडीहून खाली जायची जुनी वाट त्याच्या आंब्याच्या बागेतून जायची. दोन पोरांनी खाली पडलेले आंबे उचलले, एवढं निमित्त पुरलं. बागेला काटेरी कुंपण पडलं, फाटकाला कुलूप लागलं आणि किल्ली हैबतरावाच्या कनवटीला गेली. तेव्हापासून झोळीला कड्याच्या अंगानं अर्धा कोस फेरा पडायला लागला.

दोन वर्षं अशीच गेली. मग हैबतरावाची एकुलती एक लेक मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. एका पहाटे तिला कळा सुरू झाल्या. उजाडलं, ऊन अंगणात आलं, तरी सुटका होईना. सुईण बाहेर आली ती घामानं भिजून.

"दवाखान्यात न्या. पोर आडवं आलंय."

"घोडा काढ रे!" हैबतराव ओरडला.

"घोड्यावर घाला," सुईण म्हणाली, "म्हंजे खाली घोडा तेवढा जिता पोचंल."

हैबतरावाची बायको एवढंच म्हणाली, "शिंग वाजवा."

हैबतराव जागचा हलेना. त्याला एकच भीती होती. झोळीत त्याची लेक आहे हे खालच्या वाड्यांना कळलं तर ते तिला अर्ध्या वाटेत खाली ठेवतील. त्यांच्या जागी तो असता तर त्यानं ठेवली असती, म्हणून तर भीती. मग त्यानं युक्ती काढली. मैनाला गड्याच्या खोपटात नेलं. झोळी तिथून उचलायची, म्हणजे गड्याची बाई आहे असं वाटेल. स्वतः पागोटं उतरवलं, गड्याची घोंगडी डोक्यावरून घेतली आणि शिंग वाजवायला सांगितलं.

माथेवाडीच्या चौघांनी झोळी उचलली. पुढच्या खांद्याला शेजारचा भागोजी होता. कुणी काही विचारलं नाही. हैबतराव मान खाली घालून मागून चालू लागला. हद्दीवर कातळवाडीचे उभेच होते. भागोजीनं सांगितलं, "बाळंतीण. पोर आडवं. पहाटेपासून. पोटात नुसतं पाणी." बांबू या खांद्यांवरून त्या खांद्यांवर गेला. झोळी हललीसुद्धा नाही.

वळताना भागोजी हैबतरावाच्या कानाशी आला.

"राव, कानातली भिकबाळी काढा. गड्यांच्या कानात नसती. खालची पोरं तापट हायत."

"तू ओळखलंस?" हैबतराव म्हणाला.

"तीस वर्सं शेजारी ऱ्हातो. ओळखणार न्हाई व्हय?"

"मग त्यांना सांगितलं का न्हाईस?"

"नाव सांगायचं नसतं," भागोजी म्हणाला आणि मागं फिरला.

हैबतरावानं भिकबाळी काढून मुठीत धरली.

कातळवाडीची वाट म्हणजे उघडा काळा खडक. ऊन चढलं होतं. चौघांत दोन बाया होत्या आणि चौघंही अनवाणी. खडक तापला होता तरी एकही जण उडी मारेना, कारण उडी मारली तर आतल्या जिवाला हिसका बसला असता. हैबतरावाच्या पायात वहाणा होत्या, तरी त्याला चटका लागत होता.

दुसऱ्या हद्दीवर उंबरवाडी. स्वतः ठमाई उभी होती, पदर खोचून. पुढं लखू, अंगानं उभा-आडवा, कपाळावर आठी. मागं आणखी दोघं. तीन गोष्टी सांगून झाल्या, झोळी पुढं निघाली. आतून मैनाचं कण्हणं येत होतं. थोडं गेल्यावर बागेचं कुंपण आलं आणि लखू डाव्या अंगाला वळला.

"ए बाबा, घोंगडीवाल्या, रेंगाळू नको," तो मागं न बघता म्हणाला. "फेरा लांबचा हाय. सरळ वाट होती, पण हैबतरावाच्या आंब्यांना माणसाची दिष्ट लागती."

"आंबे गोड तरी असत्यात का?" मागचा एक जण म्हणाला.

"कुणी खाल्लेत?"

सगळे हसले. हैबतराव घोंगडीत आणखी आत गेला. मग लखू हसणं थांबवून म्हणाला, "माझी आई ह्याच फेऱ्यात गेली. त्या समोरच्या वळणाच्या अलीकडं." आणि त्याच दमात, "खांदा बदला."

एवढ्यात आतलं कण्हणं थांबलं.

ठमाईनं चालता चालता लुगड्याखाली हात घातला, मनगट चाचपलं. "पोरगी दमली. पाय उचला."

पाय उचलून करणार काय? फेरा तेवढाच होता. हैबतरावाच्या कनवटीला किल्ली होती. ती चालताना पोटाला टोचत होती. काढावी तर कळणार कोण आहे ते. न काढावी तर लेक जाणार. आता तुम्ही म्हणाल, यात विचार कसला करायचा? बापानं करूच नये. पण लाज मोठी खट असते. हैबतराव चाळीस पावलं तसाच चालला. एक पाऊल, दोन पावलं, चाळीस पावलं. मग तो रस्त्यात आडवा उभा राहिला.

"थांबा!"

घोंगडी खाली पडली. त्यानं कनवटीची किल्ली काढून वर धरली.

"मी हैबतराव. आत माझी मैना हाय. खोटं बोललो. मला दरीत लोटा, पण तिला खाली ठेवू नका."

लखूनं किल्लीकडं बघितलं, मग त्या माणसाकडं बघितलं. बांबूवरची त्याची बोटं पांढरी पडली. हैबतरावाला वाटलं, संपलं.

"खाली ठेवायची गोष्ट कुणी काढली?" ठमाई म्हणाली. "तूच काढलीस."

लखूनं बांबू खांद्यावर नीट बसवला. "बोलणं मागनं. आधी कुलूप काढ."

हैबतराव धावला. फाटक उघडलं, कुलूप गवतात कुठं पडलं ते त्यानं बघितलं नाही. बागेतला उतार निसरडा, सुक्या पानांचा. निम्म्यात ठमाईला धाप लागली. वय झालं होतं तिचं. लखू न थांबता म्हणाला, "राव, म्हातारीचा खांदा घ्या."

"मला जमंल?"

"आधी कुणालाच जमत न्हवतं."

हैबतरावानं आयुष्यात पहिल्यांदा बांबूखाली खांदा दिला. बांबू हाडात रुतला. त्याचं पाऊल चुकलं तसे तिघंही डगमगले. "डावा," लखू म्हणाला. "डावा. आता डावा." चवथ्या पावलाला त्याचा पाय त्यांच्या पायांत मिसळला. चौघांचा श्वास एकदम आत जायला लागला, एकदम बाहेर यायला लागला. आणि ओझं हलकं झालं. पोटच्या पोरीचं ओझं, पहाटेपासून एकट्यानं काळजावर वाहिलेलं, ते तीन परक्या माणसांत कसं वाटलं गेलं हे त्याला कळेना. त्यातल्या एकाची आई त्यानं घातलेल्या फेऱ्यात गेली होती. तोच पुढं बांबू धरून दगड चुकवत होता, आणि प्रत्येक दगड आधीच सांगत होता, "राव, दगड हाय."

पायथेवाडीची हद्द आली. हैबतरावानं कान टवकारले. आता तरी लखू सांगेल, असं त्याला वाटलं. लखूनं बांबू पुढच्यांच्या खांद्यावर दिला आणि म्हणाला, "बाळंतीण. पोर आडवं. पहाटेपासून. पोटात नुसतं पाणी." चौथी गोष्ट नाही. मग तोंडावरचा घाम पुसून तो वर बघत उभा राहिला.

दवाखाना म्हणजे चार खोल्या, वाड्यांतल्याच माणसांनी दगड वाहून बांधलेल्या. एका संस्थेनं तिथं डॉक्टरीणबाई आणि एक नर्स ठेवली होती. दोघींनी मैनाला आत घेतलं, दार लावलं. हैबतराव पायरीवर बसला. देवाला काय कबूल करावं तेही त्याला सुचेना. उन्हं कलली तेव्हा आतून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं रडणं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "मुलगी झाली. दोघी ठीक आहेत. बाबा, आणखी अर्धा तास लागला असता तर दोघींतली एकही हाती आली नसती."

हैबतराव उठला. त्याला कुणाच्या तरी पायांवर डोकं ठेवायचं होतं. अंगणात पायथेवाडीचे चौघं उकिडवे बसले होते.

"अजून इथंच? घरी का न्हाई गेला?"

"वरचे उठल्याबिगर कसं जायचं?" त्यांतली एक बाई म्हणाली. "काय झालं?"

"सुटली. दोघीबी जित्या हायत."

बाई उठली, तोंडाशी हातांचा कर्णा केला आणि डोंगराकडं बघून हाळी दिली, "सुटलीऽऽ! दोघी जित्याऽऽ!"

हैबतरावानं मान वर केली. पायथेवाडीच्या हद्दीवर चार ठिपके उठले. ते लखू, ठमाई आणि त्यांचे सोबती. झोळी दिल्यापासून तिथंच बसून होते, कामधंदा टाकून, खबर यायची म्हणून. त्यांनी हाळी वर दिली. कातळावर आणखी चार ठिपके उठले. हाळी आणखी वर गेली, बारीक होत गेली, पण तुटली नाही. सगळ्यांत वरच्या हद्दीवर भागोजी आणि त्याचे तिघं उठले, आणि त्यांच्याही वर, माथेवाडीच्या कडेवर, एक बाई दोन्ही हात वर करून उभी राहिलेली दिसली. ती हैबतरावाची बायको होती. मग एकेक करून सगळे ठिपके आपापल्या रानात शिरले. धन्यवाद घ्यायला एकही खाली उतरला नाही.

हैबतराव उघड्या डोक्यानं डोंगर बघत राहिला. जन्मापासून त्याच डोंगरावर राहिलेला माणूस तो. पण देवळाच्या कळसाकडंही त्यानं असं कधी बघितलं नव्हतं.

"एवढी माणसं ऱ्हात होती व्हय इथं?" तो कसाबसा म्हणाला.

"होती की," ती बाई गोधडीची घडी करत म्हणाली. "तुम्ही घोड्यावरनं जात व्हता."

तात्पर्य: दुखणेकरी कोण हे न विचारता जी माणसं खांदा लावतात, त्यांच्यामुळेच चार घरांचं गाव होतं, आणि अशा कामात गडी पाठवून भागत नाही, ज्याला त्याला आपलाच खांदा द्यावा लागतो.